सकाळची बोट घ्या, सूर्यास्त जमिनीवरून बघा

मागच्या अंकातल्या ग्रीसच्या लेखात मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं : सँटोरिनी बेटावर एकाच गोष्टीसाठी हात सैल सोडायचा असेल तर तो हॉटेलवर नको, बोटीवर सोडा. लेखात अथेन्स, डेल्फी, मीटिओरा असं बरंच काही होतं. पत्रं आली ती मात्र या एका वाक्यावर. म्हणून या महिन्याचं सगळं सदर बोटीलाच, म्हणजे तिथल्या कॅटमरान-सहलीलाच दिलं आहे. व्हिसा आणि हॉटेलांची पत्रं पुढच्या अंकात.

ताई, जूनच्या शेवटी आम्ही दोघं लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त ग्रीसला जातोय. सँटोरिनीत चार रात्री आहेत. एजंटने शेवटच्या संध्याकाळी ‘सेमी-प्रायव्हेट सनसेट कॅटमरान’ घातली आहे, माणशी १८० युरो. एवढे पैसे देऊन नेमकं मिळतं काय? आम्ही गेटवेवरून मांडव्याला नेहमी कॅटमराननेच जातो. त्याहून हे वेगळं काय? – सौ. मे. ज., ठाणे

आधी मांडव्याचं बघू. गेटवेची कॅटमरान म्हणजे पाण्यावरची एसटी. ओळीने खुर्च्या, इंजिनाची घरघर आणि पोचलं की झालं. तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. एका रुंद तळाऐवजी दोन अरुंद तळ शेजारी शेजारी, वर त्यांना जोडणारा सपाट डेक. त्यामुळे ती एका कुशीवर कलत नाही आणि उथळ पाण्यातही किनाऱ्याच्या बरीच जवळ जाते. सँटोरिनीतली बोट साधारण चाळीस ते पन्नास फुटी असते, डोलकाठी आणि शीड असलेली. पुढच्या दोन टोकांमध्ये जाळी ताणलेली असते, तिच्यावर पालथं पडलं की नाकाखालून पाणी पळताना दिसतं. मागे सावलीतलं टेबल, एक शेगडी, पाण्यात उतरायला शिडी. कप्तान आणि हाताखाली एक-दोन माणसं. शीड आहे म्हणून ते उभारतीलच असं समजू नका. बहुतेक वेळ इंजिनच चालू असतं. शिडावर जायचं असेल तर कप्तानाला चढतानाच सांगा. वारा बरा असला तर ते खुशीने अर्धा तास इंजिन बंद करतात.

सहल पाचएक तासांची. दक्षिणेच्या व्लिहादा बंदरातून निघते, नाहीतर उत्तरेला इया गावाच्या खालच्या अमूदीतून. लाल किनारा, पांढरा किनारा, मग आक्रोतिरीच्या दीपगृहाला वळसा घालून काल्डेरात, आणि तिथे पालिया कामेनी बेटाजवळचे गरम झरे. पोहायला दोन-तीन थांबे, बोटीवर शिजवलेलं जेवण, स्थानिक वाइन, हॉटेलजवळच्या रस्त्यावरून ने-आण, हे सगळं सहसा तिकिटात धरलेलं असतं. माणशी १०० ते २०० युरोंच्या आसपास दर असतात, तेव्हा तुमच्या एजंटाने काही अवाच्या सव्वा लावलेलं नाही.

आता पैसे कशाचे, ते सांगते. काल्डेरा म्हणजे ज्वालामुखीचं कोसळलेलं तोंड. साधारण ३,६०० वर्षांपूर्वी इथे जो उद्रेक झाला त्यात बेटाचा मधला भाग खचला आणि समुद्र आत शिरला. कडे पाण्यातून सरळ ३०० मीटरपर्यंत वर जातात आणि पाण्याखाली तळ जवळपास ४०० मीटर खोल आहे. बहुतेक ठिकाणी नांगर टाकायची सोयच नाही. वरच्या कठड्यावरून हे कळत नाही, तिथे निळं पाणी आणि पांढरी घरंच दिसतात. बोटीतून वर बघितलं की कड्यातले थर दिसतात : काळा, तांबडा, परत काळा, आणि सगळ्यात वर त्या मोठ्या उद्रेकाचा फिकट राखेचा जाड पट्टा. एकोणिसाव्या शतकात याच राखेचा थर खणून सुएझ कालव्याच्या बांधकामासाठी नेला होता. माझ्याबरोबरच्या मंडळींपैकी जी फोटोंसाठी आली होती, तीही इथे थोडा वेळ फोन खाली ठेवत. मी दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी हे पाहिलेलं नाही.

पण तुमच्या कार्यक्रमात मी दोन बदल करीन. पहिला म्हणजे शेवटची संध्याकाळ नको. तिथे सगळा कारभार वाऱ्याच्या हातात असतो. वारा वाढला की बंदर अधिकारी छोट्या बोटींना मनाई करतात आणि तुमची सहल रद्द होते. पहिल्याच पूर्ण दिवशी बोट ठेवली असेल तर ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ढकलता येते. शेवटच्या संध्याकाळी रद्द झाली तर पैसे परत मिळतील, बोट मिळणार नाही.

दुसरा बदल, सकाळची घ्या. जूनच्या शेवटी तिथे सूर्य पावणेनऊच्या सुमाराला मावळतो. त्या वेळी झाडून सगळ्या सूर्यास्त-बोटी इयाच्या खाली गोळा होतात, इंजिनं चालूच, प्रत्येक बोटीवर वेगळं गाणं. शिवाय वारा सहसा दुपारनंतर चढतो, त्यामुळे परतताना अंगावर पाणी उडतं आणि रेशमी साडीतला वाढदिवस ओल्या टॉवेलमध्ये साजरा होतो. सकाळी पाणी निवळ असतं आणि तिकीटही बहुधा थोडं कमी. सकाळच्या बोटीची एकच उणी बाजू आहे. काल्डेराचे कडे पश्चिमेकडे तोंड करून आहेत, म्हणून दुपारपर्यंत ते सावलीत राहतात आणि फोटो काळपट येतात. फोटोच हवे असतील तर दुपारची घ्या, माझी हरकत नाही. सूर्यास्त मात्र इमेरोविग्ली गावाच्या पायवाटेवरून किंवा आक्रोतिरीच्या दीपगृहापाशी बसून बघा. त्याला पैसे पडत नाहीत.

आणि ‘सेमी-प्रायव्हेट’ या शब्दावर जाऊ नका. एकाची ‘सेमी-प्रायव्हेट’ दहा जणांची असते, दुसऱ्याची वीस जणांची. एजंटाला दोनच आकडे विचारा : बोट किती फुटी, आणि जास्तीत जास्त माणसं किती. पंचेचाळीस फुटी बोटीवर दहा-बारा जण असले तर सगळ्यांना सावली मिळते. वीस झाले की निम्मे उन्हात बसतात, शिडीपाशी रांग लागते आणि दोन संडासांवर सगळी बोट. लहान गटाचे जास्तीचे पैसे मी सावलीचे समजते. उत्तर लेखी घ्या. वारा लागून सहल रद्द झाली तर पूर्ण पैसे परत की फक्त दुसरी तारीख, तेही त्याच कागदावर.

आम्ही जैन आहोत. कांदा-लसूणही नाही. बोटीवर पाच तास उपाशी राहावं लागेल का? – एक वाचक, सांगली

उपाशी राहणार नाही, पण आधी सांगितलं नाही तर पाव आणि काकडीवर राहाल. बोटीवरची शेगडी कोंबडी, डुकराचं मांस आणि कोळंबीसाठी पेटवतात. भाज्या त्याच जाळीवर भाजतात, हे लक्षात ठेवा. ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर बहुतेक ठिकाणी समजूतदारपणे सोय करतात, पण त्यांच्या डोक्यात कांदा-लसूण वर्ज्य असू शकतं हे येतच नाही. सॅलडमध्ये कच्चा कांदा असतो, दह्याच्या त्झात्झिकीत लसूण, द्राक्षाच्या पानांच्या दोल्मादेसमध्ये परत कांदा.

ग्रीसमध्ये एक सोय आहे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपास बरेच असतात आणि उपासाच्या पदार्थांना ते ‘निस्तीसिमो’ म्हणतात. त्यात मांस, अंडी, दूध काहीच नसतं. हा शब्द वापरला की स्वयंपाक्याला पटकन कळतं. पण सावध राहा. त्यांच्या उपासाला कोळंबी, माकूळ आणि ऑक्टोपस चालतात! तेव्हा शब्द सांगून झाल्यावर ‘समुद्रातलंही काही नको’ हे वेगळं सांगायचं.

बेटाची स्वतःची दोन-तीन पिकं नावाजलेली आहेत : छोटे गोड टोमॅटो, पांढरी वांगी आणि ‘फावा’. फावा म्हणजे पिवळी डाळ शिजवून, घोटून, वर ऑलिव्ह तेल घातलेली. ही डाळ आपल्या विदर्भातल्या लाखोळीच्या कुळातली आहे. हॉटेलात कांदा न घालता करून मागा, ते करतात. बोटीवर मात्र सहलीच्या दोन दिवस आधी इंग्रजीत चार ओळींचा ईमेल पाठवा आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करा. एवढं करून पिशवीत ठेपले ठेवा. कोणी अडवत नाही. एका कप्तानाने माझ्या गटातल्या आजींकडून दुसऱ्यांदा मागून घेतले होते.

मला आणि यांना दोघांनाही पोहता येत नाही. आमचं सगळं आयुष्य नागपुरात गेलं, तलावापलीकडे पाण्याशी संबंध नाही. मुलगी म्हणते चला. आम्ही बोटीत बसून करायचं काय? – सौ. वि. दे., नागपूर

बसायचंच. निम्मी मजा बसण्यात आहे, पोहणारी मंडळी ती घालवतात. लाइफ जॅकेट मागितल्यावर मिळतं. ते तुमच्या मापाचं आहे का, हे बोट धक्क्याला असतानाच घालून बघा. दक्षिणेकडच्या थांब्यांवर पाणी शांत असेल तर जॅकेट घालून शिडीवरून कमरेएवढं उतरा, एक हात शिडीला. यात लाजण्यासारखं काही नाही. दर वेळी दोन-चार जण असतातच, आणि ते सगळे आपल्याकडचे नसतात.

गरम झरे मात्र सोडा. जाहिरातीत वाफाळतं कुंड दिसतं, तसं तिथे काही नाही. बोट खाडीच्या तोंडाशी थांबते, थंड आणि खोल पाण्यात उडी मारावी लागते आणि पोहत आत जावं लागतं. आत पाणी तांबूस, गढूळ, तीस अंश सेल्सियसच्या थोडं वर, म्हणजे आपल्या आंघोळीच्या पाण्यापेक्षा गारच. जॅकेट घालून गेलात तरी परत येताना दम लागतो. मुलीला जाऊ दे. तिला एवढं सांगा की पांढरा पोहण्याचा पोशाख नको, लोहाचे डाग कायमचे बसतात. चांदीही अंगावर नको. गंधकाच्या पाण्यात जोडवी आणि पैंजण काळे पडतात. ते काढून तुमच्याकडे ठेवायला हवेत, म्हणजे तुम्हाला कामही मिळालं.

सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. गुडघे दुखतात, पण हिंडायची हौस दांडगी. फक्त बोट म्हटलं की ‘नको’. त्यांचं माहेर रेवसकडचं. रामदास बोटीत गावातली माणसं गेली, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. त्यांना नेऊ की हॉटेलात ठेवू? आणि बोट लागली तर? – सौ. शि. पा., डोंबिवली

आधी गुडघ्यांचं बघू, ते सोपं आहे. व्लिहादाहून निघणारी आणि व्लिहादालाच परत येणारी बोट घ्या. तिथे गाडी धक्क्यापर्यंत जाते आणि बोटीच्या मागच्या बाजूने फळीवरून एक पाऊल टाकलं की तुम्ही आत. अमूदीहून इयाला वर यायला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. गाडीरस्ता आहे, पण संध्याकाळी तो तुंबतो. आत चढताना चपला काढून टोपलीत टाकाव्या लागतात. डेक तापतो आणि ओला झाला की सटकतो. रबरी ठिपक्यांचे मोजे मिळतात, ते घेऊन ठेवा. बसायला मागची, मधली जागा. तिथे हालचाल सगळ्यात कमी जाणवते. जाळीवर त्यांना पाठवू नका. जाळीवर बसणं सोपं, गुडघे दुखणाऱ्याला तिथून उठणं अवघड.

सासूबाईंना ‘काही होत नाही हो’ असं कृपा करून म्हणू नका. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेवर माणसं गेली. त्या पट्ट्यातल्या घरांतून ही गोष्ट अजून सांगितली जाते. ज्यांनी ती ऐकली त्यांची भीती खुळी नाही. मी मालवणची, आमच्याकडे पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद असते आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. सासूबाईंना तेच सांगा. रामदास भर पावसाळ्यात, गच्च भरून निघाली होती. इथे वारा वाढला की बोट सुटतच नाही, आणि माणसांची संख्या परवान्यावर लिहिलेली असते. आदल्या दिवशी त्यांना घेऊन व्लिहादाच्या धक्क्यावर जा, उभ्या असलेल्या बोटी दाखवा. मग त्यांनी ‘हो’ म्हटलं तर न्या, ‘नाही’ म्हटलं तर आग्रह नको. हॉटेलात मात्र ठेवू नका. आक्रोतिरीचं उत्खनन दाखवा. सगळं छताखाली आहे, उतरत्या वाटा आहेत. स्पिरिडॉन मारिनातोस या पुरातत्त्वज्ञाने १९६७ मध्ये तिथे खणायला सुरुवात केली आणि राखेखालून दुमजली-तिमजली घरांचं गाव निघालं. आजवरच्या खोदकामात उद्रेकात सापडलेल्या माणसांचे सांगाडे तिथे मिळालेले नाहीत. लोक आधीच निघून गेले असावेत असं मानतात. त्या गावातल्या एका घराच्या भिंतीवर माणसांनी भरलेल्या होड्यांची मिरवणूक रंगवलेली होती. रेवसच्या माहेरवाशिणीला त्या होड्यांचं चित्र दाखवा, मग बघा किती वेळ बोलतात.

बोट लागण्याबद्दलही तुम्ही विचारलंय. गोळी डॉक्टरांना विचारून, निघायच्या तासभर आधी. एकदा मळमळायला लागल्यावर गोळीचा उपयोग नाही. पोट रिकामं नको, तुडुंब नको. आलेपाक चालतो. नजर क्षितिजावर, फोनवर नाही.

आम्ही लंडनला असतो. मुलं ४ आणि ९ वर्षांची. सुट्ट्या ऑगस्टमध्येच मिळतात. १५ ऑगस्टच्या आठवड्यात सँटोरिनी आणि कॅटमरान कसं वाटतं? शिवाय तिथे भूकंप झाले होते ना? – नि. कु., लंडन

तुमच्या हातात दुसरा आठवडा असता तर मी तोच घ्या म्हटलं असतं. १५ ऑगस्ट हा ग्रीसमध्ये मेरीमातेचा मोठा सण. अर्धं अथेन्स बेटांवर असतं, फेरीबोटी भरलेल्या, दर चढलेले. आणि तोच मेल्तेमीचा भर.

मेल्तेमी म्हणजे एजियन समुद्रावरचा उन्हाळी उत्तरवारा. जुलै-ऑगस्टमध्ये तो जोर धरतो आणि कधी कधी सलग अनेक दिवस वाहतो. यात गंमत अशी की तो आपल्या पावसाचा लांबचा नातेवाईक आहे. मोसमी पावसाच्या दिवसांत भारतावर जो कमी दाबाचा पट्टा तयार होतो, तो पश्चिमेकडे पार तुर्कस्तानापर्यंत पसरतो. दुसरीकडे बाल्कनवर जास्त दाब असतो. या दोहोंच्या मधून हवा एजियनवर दक्षिणेकडे धावते. कोकणात धो धो कोसळत असताना सँटोरिनीत आकाश कोरडं ठणठणीत आणि वारा मात्र टोपी उडवणारा. ढग नाहीत म्हणून लोक फसतात. ‘एवढं छान ऊन आहे आणि बोट रद्द?’ अशी भांडणं मी धक्क्यावर पुष्कळ ऐकली आहेत. वाऱ्याचा अंदाज घ्यायचा असेल तर बेटावरचे द्राक्षमळे बघा. नाशिककडचे मांडव तिथे टिकले नसते. तिथले शेतकरी वेल जमिनीलगतच गोल गुंडाळून टोपलीच्या आकारात वाढवतात आणि घड त्या टोपलीच्या आत धरतात.

जायचंच असेल तर बेटावर निदान चार रात्री काढा, बोट पहिल्या सकाळी, आणि व्लिहादाहून. वारा उत्तरेचा असल्यामुळे दक्षिण किनारा बेटाच्या आडोशाला येतो. मध्यम वाऱ्यात कप्तान काल्डेरात न जाता दक्षिणेलाच फिरवतात, त्यात वाईट काही नाही. वाऱ्याचा आकडा ब्यूफोर्ट मापात सांगतात. ४ पर्यंत मुलं खूश, ५ ला मोठी माणसं गप्प होतात, ६ म्हणजे ताशी ४० किलोमीटर आणि वर, तेव्हा तुम्ही स्वतःच तारीख बदलून मागा. नऊ वर्षांच्या मुलाला ही बोट आयुष्यभर आठवेल. चार वर्षांचं तिसऱ्या तासाला कंटाळेल. काही बोटी लहान मुलांना घेतच नाहीत, तेव्हा वय आधी कळवा. लहान मापाचं जॅकेट आहे ना हेही विचारा, आणि बोट चालू असताना पोर जाळीवर जाणार नाही याची जबाबदारी दोघांपैकी एकाने घ्या. दोघांनी घेतली की कोणीच बघत नाही.

भूकंप झाले होते हे खरं. जानेवारी २०२५ च्या अखेरीपासून काही आठवडे सँटोरिनी आणि अमोर्गोस या बेटांमधला समुद्रतळ हादरत होता, फेब्रुवारीत ५.३ पर्यंतचे धक्के बसले, हजारो लोक बेट सोडून गेले, शाळा बंद झाल्या. नंतर धक्के ओसरले आणि त्या उन्हाळ्यात पर्यटक परत आले. काल्डेरातल्या निया कामेनी या ज्वालामुखी बेटावरचा शेवटचा उद्रेक १९५० चा. ज्वालामुखी झोपलेला आहे, मेलेला नाही. निघण्याआधी बातम्या बघा आणि लाल किनाऱ्यावर जमिनीवरून जाऊ नका. तिथे दरड कोसळते, तशी पाटीही आहे. बोटीतून बघण्याचा हाही एक फायदा.

आम्ही चार जोडपी, सगळे साठीच्या आतबाहेर. एक दिवस कशाला, आठवडाभराची कॅटमरान भाड्याने घेऊन सँटोरिनी, मिकोनोस, पारोस असं हिंडायचा विचार आहे. एकाकडे पुण्यातल्या क्लबचं शिडाच्या बोटीचं प्रशिक्षण आहे. जमेल का? – प्र. भि., पुणे

बोट जमेल. मार्ग नको, आणि मित्राच्या हाती सुकाणू तर मुळीच नको.

अशी बोट बहुधा शनिवार ते शनिवार मिळते. चाळीस-पंचेचाळीस फुटी बोटीत बहुतेकदा चार दुहेरी खोल्या असतात, म्हणजे तुमचा हिशोब बरोबर बसतो. कप्तानाशिवाय घ्यायची तर ग्रीसमध्ये मान्य असलेला परवाना लागतो आणि बरोबर दुसरा जाणकार माणूस लागतो. खडकवासल्यातल्या प्रशिक्षणाच्या जोरावर एजियनमध्ये कोणी बोट देणार नाही, आणि देत असेल तर घेऊ नये. कप्तान पगारावर घ्या. त्याला झोपायला जागा आणि जेवण तुम्ही द्यायचं, हे आधी धरा. इंधन, बंदराचं भाडं, शेवटची साफसफाई, अनामत रक्कम हे सगळं जाहिरातीतल्या आकड्याच्या बाहेर असतं.

मिकोनोस-पारोस-सँटोरिनी हा जाहिरातींचा मार्ग आहे. परतीचा अर्धा प्रवास मेल्तेमीच्या तोंडावर. कॅटमरान कलत नसली तरी समोरून लाटा आल्या की दोन तळांमधल्या सपाट भागावर खालून पाणी आपटतं. तो धडाधड आवाज रात्रभर कानात राहतो. तुमच्या वयाच्या मंडळींना मी सारोनिक आखात सुचवीन : अथेन्सजवळून निघा, एजिना, पोरोस, हायड्रा. अंतरं थोडी, रोज दोन-चार तास बोट, संध्याकाळी गावात जेवण. हायड्रावर मोटारी नाहीत, सामान खेचरांवरून जातं. नाहीतर पश्चिमेचा आयोनियन समुद्र, कॉर्फू किंवा लेफ्कादाकडून. तिथला वारा बराच सौम्य. सप्टेंबर घ्या, पाणी तेव्हाही उबदार असतं. सँटोरिनी शेवटी अथेन्सच्या पिरेअस बंदरातून फेरीबोटीने वेगळी करा आणि तिथे पहिल्या पत्रातली सकाळची बोट घ्या.

कडक सुटकेसा नकोत. बोटीत त्या ठेवायला जागा नसते. घडी होणाऱ्या कापडी बॅगा न्या. आणि चार जोडप्यांनी संडासाचा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर वाचून घ्यावा. कागद आत टाकायचा नाही. पंप तुंबला तर तो दुरुस्त होईपर्यंत मैत्रीची परीक्षा असते.

अंगात काय घालायचं? मला पोहण्याचा पोशाख घालून परक्या लोकांत बसायला अवघड वाटतं. – एक वाचक, कोल्हापूर

लांब बाह्यांचा, पूर्ण पायांचा पोहण्याचा पोशाख मिळतो. तो घाला. उन्हापासूनही बरा, आणि बोटीवरच्या उत्तर युरोपीय बायका तुमच्याकडे बघून स्वतःच्या भाजलेल्या खांद्यांवर मलम चोळत बसतील. वरून सुती कुर्ता, हनुवटीखाली बांधता येणारी टोपी, कोरडा बदली कपडा आणि वाऱ्यासाठी एक पातळ जाकीट. ओढणी नको, ती शिडाच्या दोरांत अडकते.